धातू आणि अधातू: गुणधर्म आणि रोजचे उपयोग, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातू चकाकतात, वाजतात, वीज वाहून नेतात. अधातू निस्तेज, ठिसूळ आणि दुर्वाहक असतात. ही यादी आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केली आहे. मग कोणीतरी विचारते, पारा पातळ कसा, हिरा इतका कठीण कसा, पेन्सिलीच्या शिशातून वीज कशी जाते, आणि यादी तिथेच कोलमडते. माझे मत ठाम आहे: यादीच्या आधी इलेक्ट्रॉन समजून घ्यावेत. ते एकदा कळले की बरेचसे अपवाद अपवाद वाटेनासे होतात. खालची उत्तरे याच धाग्याने बांधली आहेत, म्हणून पहिला प्रश्न वगळू नका. बाकीचे हवे त्या क्रमाने वाचा.

१. एखादे मूलद्रव्य धातू की अधातू, हे नेमके कशावरून ठरते?

त्याचे अणू आपले सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन किती घट्ट धरून ठेवतात, त्यावरून.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला एकच शेवटच्या कवचात असतो आणि केंद्रकाची त्याच्यावरची पकड ढिली असते. क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन असतात, शेवटच्या कवचात सात. आठवा मिळवण्यासाठी तो आसुसलेला असतो. सोडियम देतो, क्लोरीन घेतो. पाण्यात टाकताच तडतडत पेट घेणारा एक धातू आणि श्वासात गेला तर फुफ्फुसे जाळणारा एक वायू, या दोघांच्या देवाणघेवाणीतून आपल्या ताटातले मीठ तयार होते. रसायनशास्त्रातली ही गोष्ट मला आजही थक्क करते.

धातूचे असंख्य अणू एकत्र येतात तेव्हा प्रत्येक जण आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन जणू सामाईक खात्यात जमा करतो. ते मग कोणा एका अणूच्या मालकीचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात. चकाकी, वाहकता, पत्रा होण्याचा गुण हे सगळे या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. अधातूंचे अणू मात्र इलेक्ट्रॉन शेजाऱ्याबरोबर जोडीने वाटून घेतात आणि जागच्या जागी बांधून ठेवतात. बांधलेला इलेक्ट्रॉन ना वीज नेऊ शकतो, ना अणूंना एकमेकांवरून सरकू देतो.

२. एकूण मूलद्रव्यांत धातू किती आणि अधातू किती?

आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी नव्वदहून अधिक धातू आहेत. अधातू सतरा-अठराच, आणि मधल्या सीमेवर बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम असे काही धातुसदृश.

पण संख्येवरून महत्त्व ठरवू नका. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. माणसाच्या शरीराचे सुमारे ९६ टक्के वजन ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चार अधातूंचे असते.

३. धातू चकाकतात कशामुळे? आणि सोने पिवळेच का?

प्रकाश धातूवर पडला की पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलतात आणि तो परत फेकतात. जवळजवळ सगळे रंग सारखेच परत येत असल्याने बहुतेक धातू रुपेरी दिसतात. सोने आणि तांबे हे ठळक अपवाद. सोन्याच्या जड केंद्रकाभोवती आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की तिथे सापेक्षतेचा, म्हणजे प्रकाशाच्या वेगाजवळ गेल्यावर दिसणारा, परिणाम जाणवू लागतो. त्यामुळे कवचांमधले अंतर बदलते आणि सोने निळा प्रकाश शोषून घेते. उरलेला परतणारा प्रकाश पिवळा दिसतो.

चकाकी हा काही एकट्या धातूंचा मक्ता नाही. आयोडीनचे स्फटिक करडे-काळे आणि चमकदार असतात, हिऱ्याची चमक तर सर्वांना ठाऊक आहे. हिऱ्याच्या चमकीचे कारण मात्र वेगळे. त्यात प्रकाश मोठ्या कोनातून वळतो आणि आतल्या आत परावर्तित होत राहतो.

४. सोन्याचा वर्ख होतो, गंधकाची मात्र पूड होते. असे का?

हातोडीचा घाव बसला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा गोंद सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. थर सरकला तरी नव्या जागी तो तसाच धरला जातो, म्हणून तुकडा फुटण्याऐवजी पसरतो. याला वर्धनीयता म्हणतात. ओढून तार काढता येणे म्हणजे तन्यता, कारण तेच.

सोने या बाबतीत अव्वल. एक ग्रॅम सोने ठोकून सुमारे एक चौरस मीटर पसरवता येते. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम धरून हिशोब केला तर अशा पत्र्याची जाडी एका मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतकी येते. इतका पातळ वर्ख दिव्यासमोर धरला तर त्यातून हिरवट प्रकाश आरपार येतो.

गंधकात आठ-आठ अणूंची कडी असतात. कड्याच्या आत अणू घट्ट बांधलेले, पण एका कड्याचा दुसऱ्याशी संबंध अगदी क्षीण. घाव बसला की कडी वेगळी होतात आणि हातात पूड उरते.

धातू आपटला की खणखणतो, तेही याच्याशी जोडलेले आहे. लवचिक, एकसंध रचनेत कंपने बराच वेळ टिकतात. घंटेसाठी म्हणूनच सुमारे २० ते २२ टक्के कथील असलेले कांसे वापरतात. शिसेही धातूच, पण इतके मऊ की कंपने आतल्या आत जिरतात आणि आवाज बद्द येतो.

५. सर्व धातू कठीण आणि जड असतात ना?

नाही. सोडियम आणि पोटॅशियम सुरीने कापता येतात. लिथियमची घनता ०.५३ आहे. तो पाण्यावर तर तरंगतोच, रॉकेलवरही तरंगतो. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवता येतो, पण लिथियमसाठी ती युक्ती चालत नाही. दुसऱ्या टोकाला ऑस्मियम, घनता २२.६, म्हणजे आकाराने तेवढ्याच शिशाच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा.

वितळण्याचेही तसेच. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून खोलीत तो नेहमी पातळ दिसतो. गॅलियम ३० अंशांच्या किंचित खाली वितळतो, तळहातावर ठेवला की पाणी होतो. टंगस्टनला मात्र ३४२२ अंश लागतात. जुन्या बल्बची तार टंगस्टनची असे ती यासाठीच. अधातूंमध्ये ब्रोमीन एकटाच साध्या तापमानाला द्रव असतो. आणि कठीणपणात तर हिरा, म्हणजे कार्बन हा अधातू, सगळ्या धातूंना मागे टाकतो.

६. एकाच खोलीतला लोखंडी गज लाकडी दांड्यापेक्षा थंड का लागतो?

दोन्हींचे तापमान एकच असते. थर्मामीटर लावून पाहा. आपली बोटे तापमान मोजत नाहीत, बोटांतून उष्णता किती झपाट्याने निघून जाते ते मोजतात. लोखंड लाकडाच्या कित्येकशे पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून हात लावताच ती खेचली जाते. कडक उन्हात हेच उलटे होते. गज हाताला भाजतो, लाकूड सुसह्य वाटते.

तांबे तर स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट उष्णता वाहून नेते. म्हणून स्टीलच्या भांड्यांच्या बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर देतात, नाहीतर आच जिथे लागते तेवढीच जागा तापते आणि पदार्थ करपतो.

७. चांदी विजेची सर्वांत चांगली वाहक आहे, मग तारा तांब्याच्या का?

फरक थोडाच आहे. तांबे चांदीच्या सुमारे ९५ टक्के वाहकता देते आणि कितीतरी स्वस्त व मुबलक आहे. सोने या क्रमात तिसरे येते, पण ते हवेत कधीच काळवंडत नाही. म्हणून सिम कार्डाच्या आणि संगणकातल्या जोडांच्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो.

उंच मनोऱ्यांवरच्या तारा मात्र ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांच्या गाभ्यात पोलाद असते. ॲल्युमिनियम जाडीला जाडी धरले तर तांब्यापेक्षा कमी वीज नेते, पण वजनाला वजन धरले तर दुप्पट नेते. लांबच लांब तार खांबांवर पेलायची तर वजनाचाच विचार आधी करावा लागतो.

एक खबरदारी: तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडू नका. दमट हवेत त्या सांध्यावर ॲल्युमिनियम झिजते, सांधा ढिला पडतो, तापतो आणि आग लागू शकते. त्यासाठी वेगळे जोड मिळतात.

८. लोखंड गंजते, पण ॲल्युमिनियम गंजत नाही. ॲल्युमिनियम कमी क्रियाशील आहे का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचे उत्तर बहुतेकांना उलटे वाटते. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील आहे. ताजे कापलेले ॲल्युमिनियम हवेत आले की क्षणार्धात ऑक्सिजनशी संयोग पावते. पण तयार होणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पारदर्शक आणि खालच्या धातूला घट्ट चिकटलेला असतो. तो पुढच्या ऑक्सिजनची वाटच अडवतो. ओरखडा पडला तर तिथे लगेच नवा थर येतो. विजेच्या साहाय्याने हाच थर मुद्दाम जाड करणे म्हणजे धनाग्रीकरण. रंगीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि फोनची आवरणे अशीच बनतात.

लोखंडाचा गंज असा राखण करीत नाही. त्याला तयार व्हायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. कोरड्या हवेत लोखंड टिकते. उकळून हवा काढलेल्या, वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यातही खिळा बराच काळ तसाच राहतो. मीठ असले की गंजण्याचा वेग वाढतो, म्हणून समुद्राकाठी लोखंडाचे हाल जास्त. गंज सच्छिद्र असतो, लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि पापुद्रे होऊन गळतो. प्रत्येक पापुद्र्याखाली नवे लोखंड उघडे पडते. काँक्रीटमधली सळई गंजली की वरचे काँक्रीट तडकते, तेही या फुगण्यामुळेच.

ॲल्युमिनियमच्या थराला एक शत्रू आहे, पारा. तो ओरखड्यातून शिरला की थर पुन्हा चिकटू शकत नाही आणि धातू हवेत डोळ्यांदेखत पोखरला जातो. विमानात पारा नेण्यावर कडक बंधने आहेत, त्यामागे हे मोठे कारण आहे.

९. मग लोखंड वाचवायचे कसे?

रंग, तेल, ग्रीस यांनी हवा-पाणी अडते. पण ओरखडा पडला की संरक्षण संपले.

जस्ताचा मुलामा, म्हणजे जस्तविलेपन, याहून पुढे जातो. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्याने मुलामा थोडा खरवडला गेला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंडाला सांभाळते. जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात त्याही याच हेतूने. वडी झिजली की बदलायची, जहाज शाबूत. कथिलाचे याच्या उलट. कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. थर अखंड असेपर्यंत उत्तम, एकदा फुटला की आतले लोखंड अधिकच लवकर गंजते. कथिलाचा थर दिलेल्या डब्याला पोचा पडून तो थर आतून तडकला असेल तर त्यात खाणे ठेवू नये.

तिसरा मार्ग म्हणजे लोखंडाचा स्वभावच बदलणे. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते. १९१३ मध्ये त्यांनी भरपूर क्रोमियम घातलेले जे पोलाद बनवले ते सहजी गंजत नव्हते. आज किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियम वर ऑक्साइडचा अदृश्य थर धरते, म्हणजे ॲल्युमिनियमचीच युक्ती.

१०. स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटला तर ते बनावट समजावे का?

नाही. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या प्रकाराला चुंबक सहसा चिकटत नाही, कारण निकेलमुळे त्याची स्फटिकरचना वेगळी होते. सुऱ्यांसाठी वापरतात त्या प्रकाराला चिकटतो आणि तेही खरे स्टेनलेसच. साध्या तापमानाला चुंबकाकडे जोरात ओढले जाणारे शुद्ध धातू तीनच: लोखंड, कोबाल्ट, निकेल. "धातू म्हणजे चुंबकाला चिकटणारा" ही समजूत मोडायला तांब्याची एक तार पुरे.

११. तांबे हिरवे पडते, चांदी काळी पडते. तोही गंजच का?

क्षरण म्हणा, गंज हा शब्द लोखंडासाठी ठेवू या. तांब्यावर हवेतला ऑक्सिजन, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळून हिरवट थर धरतात. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा हिरवा रंग तांब्याच्या पत्र्यावरच्या अशाच थराचा आहे आणि तोच थर आतले तांबे जपतो. चांदीचा शत्रू ऑक्सिजन नव्हे, गंधक. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तिच्यावर काळे सिल्व्हर सल्फाइड जमते.

चांदी घासून काढली की दर वेळी थोडी चांदी जाते. त्यापेक्षा भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर चांदीची वस्तू टेकवून ठेवा, खायचा सोडा घाला आणि गरम पाणी ओता. ॲल्युमिनियम चांदीकडचे गंधक स्वतःकडे ओढून घेते आणि चांदी चांदीच राहते. वस्तूला खडे जडवलेले असतील किंवा नक्षीसाठी मुद्दाम काळेपणा ठेवला असेल तर मात्र हे करू नका.

१२. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ का ठेवू नयेत?

आम्लामुळे तांब्याची संयुगे पदार्थात उतरतात. जास्त प्रमाणात पोटात गेली तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. भांड्याला आतून कथिलाचा थर, म्हणजे कल्हई, असली तर तांब्याशी संपर्क येत नाही. साधे पाणी ठेवायला हरकत नाही. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जिवाणू काही तासांत मरतात हे प्रयोगांनी दिसले आहे. तरीही गढूळ पाणी तांब्यात ठेवले म्हणून शुद्ध होईल अशा भरवशावर राहू नका.

१३. अभिक्रियाशीलता श्रेणी पाठ करून उपयोग काय?

पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसे, तांबे, पारा, चांदी, सोने. इलेक्ट्रॉन सोडून देण्याची घाई डावीकडून उजवीकडे कमी होत जाते. वरचा धातू खालच्याला त्याच्या संयुगातून बाहेर ढकलतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात खिळा टाका. थोड्या वेळात त्याच्यावर तांब्याचा तांबूस थर दिसेल आणि निळा रंग फिकट होत जाईल.

माणसाने धातू कोणत्या क्रमाने हाती घेतले, तेही या श्रेणीत उलटे लिहिलेले आहे. सोने निसर्गात धातूरूपातच सापडते. तांबे आणि मग लोखंड यांची धातुके कोळशाबरोबर तापवून धातू मिळाले. सोडियम आणि पोटॅशियम यांना मात्र विजेची वाट पाहावी लागली. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वीज सोडूनच ते वेगळे केले.

१४. दागिन्यांत शुद्ध सोने का वापरत नाहीत?

कारण ते फार मऊ असते. २४ कॅरेट म्हणजे शुद्ध, २२ कॅरेट म्हणजे सुमारे ९१.६ टक्के, १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोने. बाकी तांबे, चांदी वगैरे. वेगळ्या आकाराचे अणू मध्ये घुसले की थरांना सरकणे अवघड होते आणि धातू कडक बनतो. पितळ (तांबे आणि जस्त) व कांसे (तांबे आणि कथील) यांचे बळ यातच आहे.

पोलाद तर लोखंडात मिसळलेल्या एका अधातूची करामत. दोन टक्क्यांहून कमी कार्बन, तोही बहुधा एक टक्क्याच्या आत, आणि मऊ लोखंडाचे पोलाद होते. कार्बन २ ते ४ टक्क्यांवर गेला की बीड मिळते, कठीण पण ठिसूळ.

१५. पेन्सिलीत शिसे असते का?

अजिबात नाही आणि कधीच नव्हते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे ग्राफाइटचा मोठा साठा सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला आणि नाव चिकटले. १७९५ मध्ये निकोला-जाक काँटे यांनी ग्राफाइटची पूड आणि माती मिसळून भाजण्याची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी.

ग्राफाइट आणि हिरा, दोन्ही शुद्ध कार्बन. हिऱ्यात प्रत्येक अणूचे चारही हात चार शेजाऱ्यांनी घट्ट धरलेले, चोहोबाजूंनी. म्हणून कमालीचा कठीण आणि वीजरोधक. ग्राफाइटमध्ये तीन हात धरलेले, अणूंच्या चादरी एकावर एक रचलेल्या आणि चौथा इलेक्ट्रॉन चादरीभर मोकळा. चादरी सैल असल्याने कागदावर घासल्या की उतरतात, तेच आपले अक्षर. आणि मोकळा इलेक्ट्रॉन असल्याने वीज वाहते! अधातू असूनही ग्राफाइट विजेचा वाहक आहे, तो याच पहिल्या प्रश्नातल्या नियमाने. कोरड्या विद्युतघटाच्या मधली काळी कांडी ग्राफाइटचीच असते.

हिऱ्याचा आणखी एक चकवा: वीज नेत नाही, पण उष्णता तांब्याच्या पाचपट नेतो. तिथे उष्णता इलेक्ट्रॉन नेत नाहीत, ताठ जाळीतली कंपने नेतात. खरा हिरा ओळखण्याचे एक उपकरण नेमके हेच तपासते. मॉयसॅनाइट नावाचा खडा मात्र त्या साध्या उपकरणाला फसवू शकतो.

१६. अधातू रोजच्या आयुष्यात कुठे भेटतात?

धातू डोळ्यांना दिसतात, अधातू लपून काम करतात.

काडेपेटीच्या बाजूच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस असतो, काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट. दोघे घासले की ठिणगी. पूर्वी गुलातच पांढरा फॉस्फरस घालत. तो हवेत सुमारे ३० अंशांना आपोआप पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवावा लागतो, आणि अत्यंत विषारी असतो. काड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या, त्यांत कितीतरी स्त्रिया आणि मुले, जबड्याची हाडे त्याने सडत. १९०६ च्या बर्न करारात अशा काड्यांवर बंदी घालण्याचे काही देशांनी मान्य केले. आज आपण निर्धास्तपणे काडी ओढतो, त्यामागे हा इतिहास आहे.

गंधक नसते तर वाहनांचे टायर नसते. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. त्यात गंधक घालून तापवले की साखळ्या एकमेकांना बांधल्या जातात. चार्ल्स गुडइयर यांना हे १८३९ मध्ये उमगले.

नायट्रोजन पाकिटबंद खाण्यात भरतात, कारण तो कशाशी सहसा क्रिया करीत नाही आणि तेल खवट होऊ देत नाही. आयोडीन शरीरात थायरॉइडच्या संप्रेरकासाठी लागते. ते कमी पडले की गलगंड होतो. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली आणि गलगंड झपाट्याने हटला. द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशांवर एमआरआय यंत्रातले चुंबक थंड ठेवतो.

क्लोरीनने पिण्याचे पाणी निर्जंतुक होते. पण ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. ब्लीच आणि अमोनिया यांचेही तसेच. त्यातून विषारी क्लोरामाइन निघतात.

१७. हायड्रोजन धातूंच्या रांगेत का बसवतात?

बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन असल्याने आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, त्याची जागा सोडियमच्या गटात वर येते. स्वभावाने तो अधातूच: वायू, वीजरोधक, इलेक्ट्रॉन वाटून घेणारा.

१८. सिलिकॉन नेमका कुणाच्या बाजूचा?

मधला. दिसायला चकचकीत, ठोकला तर फुटणारा. धातू तापला की त्याचा विजेला विरोध वाढतो, सिलिकॉनचा कमी होतो. त्यात फॉस्फरस किंवा बोरॉन यांचे अगदी सूक्ष्म प्रमाण मिसळले की तो किती वीज नेईल हे आपण ठरवू शकतो. संगणकाच्या चिप आणि सौरपट्ट्या या नियंत्रणावरच उभ्या आहेत. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज नियंत्रित करणारा छोटा भाग, मात्र जर्मेनियमचा होता.

१९. रंग न बघता, चकाकी न बघता धातू-अधातू ओळखण्याची खात्रीची रासायनिक कसोटी आहे का?

बऱ्यापैकी खात्रीची आहे. ऑक्साइड तपासा. मॅग्नेशियमची फीत जाळून तिची पांढरी राख पाण्यात ढवळली तर तांबडा लिटमस निळा होतो; धातूंची ऑक्साइडे सहसा आम्लारिधर्मी असतात. गंधक जाळून निघालेला वायू पाण्यात विरघळवला तर निळा लिटमस तांबडा होतो. ॲल्युमिनियम आणि जस्त यांची ऑक्साइडे दोन्ही बाजूंनी वागतात, तर कार्बन मोनॉक्साइड उदासीन असतो. जळत्या मॅग्नेशियमकडे थेट पाहू नका आणि गंधकाचा धूर हुंगू नका.

२०. कोणत्या धातूंपासून खरोखर जपायला हवे?

शिसे आणि पारा. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धक्का बसतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. वाहनांच्या पेट्रोलमधून ते जगभरातून पूर्ण हटायला २०२१ साल उजाडले. जुन्या रंगाचे पापुद्रे, भंगारातल्या बॅटऱ्या, शिसेयुक्त डाख यांपासून मुलांना दूर ठेवा.

जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. अनेकांच्या हातापायांतले बळ, दृष्टी, वाचा गेली, पोटातली बाळेसुद्धा सुटली नाहीत. २०१३ च्या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचेच नाव आहे.

घरी पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर न्या, खिडक्या उघडा, हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र ढकला आणि झाकणाच्या बाटलीत बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा बारीक होऊन आणखी पसरतो. मोरीत ओतू नका.

२१. मग शरीरात धातू असतात ते कशाला?

लोखंड सगळे मिळून ३ ते ४ ग्रॅम, पण रक्तातला ऑक्सिजन तेच वाहून नेते. कॅल्शियम सुमारे एक किलो, बहुतेक हाडांत. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या आयनांवाचून, म्हणजे विद्युतभारित अणूंवाचून, मज्जातंतूंतून संदेशच जाणार नाही. हे सगळे संयुगांच्या आणि आयनांच्या रूपात असतात.

२२. ॲल्युमिनियम इतके मुबलक, तरी ते भंगारातून परत मिळवण्यावर एवढा भर का?

कवचात ते सुमारे ८ टक्के आहे, लोखंडाहून जास्त. पण ऑक्सिजन त्याला सहजी सोडत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात ते मौल्यवान धातूंत गणले जाई. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला ॲल्युमिनियमचा छोटा मनोरा निवडला गेला. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न कळता तोच मार्ग शोधला: ॲल्युमिनियमचे ऑक्साइड वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवायचे आणि त्यातून वीज सोडायची. दोघेही १८६३ मध्ये जन्मलेले, दोघेही १९१४ मध्ये गेले.

आजही तीच रीत चालते आणि ती प्रचंड वीज खाते. वापरलेले ॲल्युमिनियम नुसते वितळवायला त्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा पुरते, कारण ऑक्सिजनपासून सोडवण्याचे खरे अवघड काम आधीच झालेले असते. म्हणून रिकामा डबा ओल्या कचऱ्यात टाकू नका, भंगारासाठी वेगळा ठेवा.

२३. ॲल्युमिनियम फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवावी की बाहेर?

कशीही. कारखान्यात शेवटच्या फेरीत दोन पत्रे एकत्र लाटतात. रुळाला टेकलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना टेकलेली मंद राहते. धातू दोन्हीकडे तोच.